शंकरराव चव्हाण : नांदेडचे ‘हेडमास्तर’ आणि शून्यापासून हिशेब मांडण्याची सवय

मुंबईतली मंत्रालयाची इमारत सगळ्यांना माहीत आहे. १९७५ पर्यंत मात्र तिचे नाव सचिवालय होते. सचिवालय म्हणजे सचिवांची जागा. त्या वर्षी मुख्यमंत्री झालेल्या शंकरराव चव्हाणांनी ते नाव बदलून मंत्रालय केले. राज्याचा कारभार लोकांनी निवडून दिलेल्या मंत्र्यांनी चालवायचा आणि त्याचा जाबही त्यांनीच द्यायचा, असा त्या बदलाचा अर्थ होता.

पाटी बदलायला एक दिवस पुरतो, पण पाटीखाली बसणाऱ्यांच्या सवयी बदलायला वर्षे लागतात. शंकररावांना राजकारणात ‘हेडमास्तर’ म्हणत, ते या सवयींच्या आग्रहामुळे. दोनदा मुख्यमंत्री आणि केंद्रात संरक्षण, गृह, अर्थ अशी खाती सांभाळलेल्या या नेत्याची कामाची पद्धत नोकरी-धंदा करणाऱ्या माणसाने समजून घ्यावी अशी आहे. त्या पद्धतीने काय साधले हे त्यात दिसते, आणि ती कुठे चुकली हेही.

पैठणला जन्म, नांदेडला घडण

शंकरराव भावराव चव्हाण यांचा जन्म १४ जुलै १९२० रोजी पैठण येथे झाला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शिक्षणाच्या सोयी तुटपुंज्या होत्या आणि वरच्या शिक्षणासाठी घरापासून लांब जावे लागे. शंकररावांनी मद्रास विद्यापीठाची बी.ए. आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची एलएल.बी. पदवी घेतली.

वकिलीत बस्तान बसवायच्या वयात संस्थानात मुक्तिलढा पेटला. स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेला प्रतिसाद देऊन त्यांनी कोर्टावर बहिष्कार टाकला आणि लढ्यात उतरले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले. वकिलीचा मार्ग पुन्हा मोकळा झाला होता, पण शंकरराव सार्वजनिक कामातच राहिले.

त्यांची सुरुवात नांदेड नगरपालिकेतून झाली. १९५० च्या दशकात ते नगराध्यक्ष होते. नळ, गटार, रस्ता, करवसुली ही कामे भाषणाने होत नाहीत. कोणते काम कोणाकडे आहे, पैसा किती आहे आणि तो कुठे अडला आहे, हे रोज पाहावे लागते. १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले, तेव्हा पालिकेच्या हिशेबाचा हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

एका कामाचा दहा वर्षांहून अधिक काळचा पाठपुरावा

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि शंकररावांकडे पाटबंधारे व वीज हे खाते आले. मराठवाड्यात पाणी हा जगण्या-मरण्याचा प्रश्न होता आणि तो पुरता सुटलेला नाही. लातूर शहराला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते.

गोदावरीवरच्या जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली. मूळ विचार बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ धरण बांधण्याचा होता. जागा बदलून पैठणला गेली, नाव मात्र तेच राहिले. सुमारे १० किलोमीटर लांबीचे मातीचे धरण, २७ दरवाजे आणि सुमारे १०२ टीएमसी साठवण, एवढा त्याचा आवाका आहे. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झाले, तेव्हा शंकरराव मुख्यमंत्री होते.

पायाभरणी आणि लोकार्पण यांच्यात दहा वर्षांहून अधिक काळ गेला. मधल्या काळात देशाचे पंतप्रधान बदलले, १९७२ चा भीषण दुष्काळ येऊन गेला, शंकररावांची खाती बदलली. मोठ्या कामाला लागणारा हा वेळ धरून चालणे ही त्यांच्या कामातली पहिली शिकण्यासारखी गोष्ट. नांदेडजवळच्या विष्णुपुरी उपसा सिंचन प्रकल्पाच्या बाबतीतही तसेच झाले. त्याच्या जलाशयाला पुढे ‘शंकर सागर’ हे नाव मिळाले.

या यशाला किंमतही होती. जायकवाडीच्या नाथसागराखाली हजारो शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि गावे उठली. त्यात खुद्द पैठण तालुक्यातल्या, म्हणजे शंकररावांच्या जन्मगावाच्या परिसरातल्या जमिनीही होत्या. आपल्या माणसांचे नुकसान होणारा निर्णय घेताना नियम सगळ्यांना सारखा लावावा लागतो. तसे झाले नाही तर निर्णयाचा पायाच डळमळतो.

‘हेडमास्तर’ हे नाव का पडले?

२१ फेब्रुवारी १९७५ रोजी शंकरराव मुख्यमंत्री झाले. मराठवाड्यातून या पदावर पोहोचलेले ते पहिले नेते. वक्तशीरपणा, फाईल वाचून मगच निर्णय, मोजके बोलणे आणि अघळपघळ वेळ घालवण्याचा कंटाळा, ही त्यांची ख्याती होती. अपुरी तयारी करून समोर येणाऱ्या अधिकाऱ्याला त्यांचा धाक वाटे. आमदार-कार्यकर्त्यांशी गप्पांचा फड जमवून राजकारण करणारे नेते महाराष्ट्राने पुष्कळ पाहिले. शंकरराव त्या घडणीचे नव्हते.

याचा तोटाही त्यांना झाला. पदावर असताना त्यांना मान मिळाला, पण पद डळमळले की धावून येणारा मोठा गट त्यांच्यामागे नसे. ऑफिसातही हे चित्र ओळखीचे आहे. शिस्तीचा साहेब कामाला बरा वाटतो, पण त्याच्या निरोप समारंभाला गर्दी होईलच असे नाही.

शिस्त कुठे चुकली?

शंकररावांच्या पहिल्या कारकिर्दीचा बहुतेक काळ आणीबाणीचा होता. जून १९७५ ते मार्च १९७७ या काळात देशभर विरोधक तुरुंगात होते आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता. गाड्या आणि कार्यालये वेळेवर चालतात, असे तेव्हा कौतुकाने सांगितले जाई. मात्र त्या वक्तशीरपणामागे भीती होती.

१९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले. असे विधेयक संमत करणारे ते देशातले पहिले राज्य ठरले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि ते अमलात आले नाही. तरीही ते विधिमंडळात मंजूर झाले ही नोंद शंकररावांच्या सरकारच्या नावावर कायमची आहे.

स्वतःला लावलेली शिस्त आणि दुसऱ्याच्या शरीरावर लादलेली सक्ती यांच्यातली रेघ तिथे पुसली गेली. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचा देशभर पराभव झाला. मे महिन्यात शंकररावांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले.

पद गेल्यावर पुन्हा सुरुवात

मुख्यमंत्रिपदावरून उतरलेल्या माणसापुढे सहसा दोन वाटा असतात, रुसून घरी बसणे किंवा फक्त कटकारस्थानात गुंतणे. शंकररावांनी काम सोडले नाही. १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद सरकारात ते मंत्री झाले. हेच पवार काही वर्षांपूर्वी शंकररावांच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. कालच्या कनिष्ठाच्या हाताखाली काम करणे अनेकांना आजही जमत नाही. त्यापायी चांगली नोकरी सोडणारे कमी नाहीत.

१९८० मध्ये ते नांदेडमधून लोकसभेवर गेले. केंद्रात शिक्षणमंत्री, नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष, संरक्षणमंत्री आणि १९८४ च्या अखेरीस गृहमंत्री, असा पुढचा प्रवास झाला. नियोजन आयोगातल्या वर्षांमध्ये देशभरातल्या राज्यांच्या योजना आणि त्यांचा खर्च त्यांच्यासमोर येत होता. पुढच्या मोठ्या कामासाठी ही तयारी उपयोगी पडली.

शून्याधारित अर्थसंकल्प म्हणजे काय?

१२ मार्च १९८६ रोजी शंकरराव दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. त्यांच्या आधी लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर त्या पदावर होते. केंद्रीय गृहमंत्रिपद सोडून शंकरराव मुंबईत आले आणि राज्यात १९८६-८७ पासून शून्याधारित अर्थसंकल्पाची पद्धत आणली.

नेहमीच्या अर्थसंकल्पात गेल्या वर्षीचा आकडा पाया धरला जातो. एखाद्या योजनेला मागच्या वर्षी दहा कोटी मिळाले असतील तर यंदा अकरा. चर्चा होते ती वाढीव एका कोटीवर. जुने दहा कोटी हवेत का, हे कोणी विचारत नाही.

शून्याधारित पद्धतीत पाया शून्य असतो. प्रत्येक खात्याला प्रत्येक योजनेबद्दल नव्याने सांगावे लागते : ही योजना कशासाठी आहे? तिचा लाभ कोणाला होतो? बंद केली तर काय बिघडेल? तेच काम कमी पैशांत होईल का? दुसरे एखादे खाते हेच काम करते आहे का? उत्तरांनुसार योजनांचा क्रम लावायचा आणि वरून पैसे द्यायचे.

ही कल्पना कारखानदारीतून आली. अमेरिकेतल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत पीटर पायर यांनी ती वापरली आणि १९७० मध्ये तिच्यावर लेख लिहिला. जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर असताना जिमी कार्टर यांनी ती सरकारी कारभारात आणली. भारतात एखाद्या राज्याने ती पूर्ण कारभाराला लावण्याचे पहिले मोठे उदाहरण महाराष्ट्राचे.

या पद्धतीची अडचणही लवकर कळते. कागदावर योजना बंद करणे सोपे असते, पण तिच्यावरच्या कर्मचाऱ्यांचा पगार शून्य करता येत नाही. प्रत्येक योजनेची नव्याने तपासणी करायला वेळ आणि चिकाटी लागते, आणि ज्याचा खर्च कापला जातो तो नाराज होतो. जून १९८८ मध्ये शंकरराव केंद्रात अर्थमंत्री म्हणून गेले. पुढच्या काळात राज्यात या पद्धतीचा पहिला जोर राहिला नाही.

पाण्याच्या वाटपातही त्यांची भूमिका याच विचाराची होती. कालव्याचे पाणी बारमाही उसापेक्षा खरीप आणि रब्बी धरून आठ महिने द्यावे, म्हणजे तेवढ्याच पाण्यात जास्त शेतकऱ्यांची शेते भिजतील, असा ‘आठमाही’चा आग्रह त्यांनी धरला. साखर पट्ट्यातल्या पुढाऱ्यांना तो रुचला नाही. वर्षानुवर्षे मिळते म्हणून यापुढेही मिळालेच पाहिजे, हा दावा त्यांना पैशांच्या बाबतीत मान्य नव्हता आणि पाण्याच्याही नव्हता.

स्वतःलाच लावलेला नियम

१९९१ ते १९९६ या काळात शंकरराव पुन्हा केंद्रीय गृहमंत्री होते. बाबरी मशिदीचा विध्वंस, मुंबईतले बॉम्बस्फोट आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप याच काळातला. बाबरी मशिदीचे रक्षण केंद्राला करता आले नाही, ही टीका गृहमंत्री म्हणून त्यांच्याही वाट्याला आली.

मंत्रिपद संपल्यावर १९९७ मध्ये राज्यसभेने सदस्यांच्या वर्तनासाठी नीतिमत्ता समिती नेमली. तिचे पहिले अध्यक्ष शंकरराव होते. तेव्हा त्यांचे वय ७६ होते. खासदारांसाठी आचारसंहिता असावी आणि त्यांनी आपले आर्थिक हितसंबंध नोंदवहीत जाहीर करावेत, ही दिशा या समितीने दिली. आयुष्यभर इतरांना शिस्त लावणाऱ्या माणसाचे हे शेवटचे मोठे काम नियम करणाऱ्यांनाच नियम लावण्याचे होते.

२६ फेब्रुवारी २००४ रोजी त्यांचे निधन झाले. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे.

ही पद्धत रोजच्या कामात कशी वापरायची?

लातूरच्या मोंढ्यातला आडत्या असो, नांदेडमध्ये शिकवणी चालवणारा मास्तर असो की पुण्यात नोकरी करणारी मराठवाड्यातली मुलगी, प्रत्येकाच्या कामात गेल्या वर्षीवरून पुढे चालू राहिलेल्या गोष्टी असतात. कोणी वाचत नाही तो साप्ताहिक अहवाल, ठरल्या वारी होणारी बैठक, वसूल न होणारी उधारी, न वापरलेल्या ॲपची दरमहा कापली जाणारी वर्गणी.

मार्चअखेरीला एक दिवस काढून कोऱ्या कागदावर हे सगळे लिहावे. प्रत्येकापुढे वरचे पाच प्रश्न मांडावेत. ज्याचे उत्तर फक्त ‘आधीपासून चालू आहे’ एवढेच येईल, ते तीन महिने थांबवून पाहावे. काहीच बिघडले नाही तर ते कायमचे बंद करावे. वाचलेला वेळ आणि पैसा ‘जायकवाडी’सारख्या एखाद्या लांब पल्ल्याच्या कामाला द्यावा.

यादीची सुरुवात मात्र स्वतःच्या खर्चापासून आणि स्वतःच्या वेळेपासून करावी. हाताखालच्या माणसांच्या कामाला कात्री लावायची असेल तर आधी त्यांना विचारावे. शंकररावांच्या कारकिर्दीतला १९७६ चा धडा तेवढ्यासाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे.