रुंद रुळासाठी झटलेला माणूस : गोविंदभाई श्रॉफ

विहाराच्या स्मरणिकेत गोविंदभाईंवर लेख कशाला, असं काही बांधव विचारतील. प्रश्न रास्त आहे. नामांतराच्या लढ्यात गोविंदभाई आपल्या विरुद्ध बाजूला होते. १९७८ साली मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या, ते आपण विसरलेलो नाही. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, तोही आपण लढून मिळवला. पण माणसाचं चांगलं काम झाकून ठेवू नये, म्हणून हा लेख.

गोविंदभाईंचा जन्म २४ जुलै १९११ चा, विजापूरचा. कलकत्त्याला ते गणितात एम.एस्सी. झाले. औरंगाबादला शिक्षक होते. ती नोकरी सोडून स्वामी रामानंद तीर्थांबरोबर निजामाविरुद्धच्या लढ्यात उतरले. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले. पुढे मंत्रीपदाच्या मागे न लागता त्यांनी मराठवाड्याच्या मागासलेपणाचा प्रश्न हाती घेतला. मराठवाडा जनता विकास परिषदेतून त्यांनी पाणी, शिक्षण आणि रेल्वे यांसाठी सरकारकडे सतत तगादा लावला.

यात रेल्वेचं महत्त्व काय? निजामाच्या काळातला मनमाड–औरंगाबाद–परभणी मार्ग मीटर गेजचा, म्हणजे रुळांत एक मीटर अंतर. मनमाडहून मुंबईला जाणारा मार्ग ब्रॉडगेजचा, १६७६ मिलिमीटरचा. त्यामुळे मराठवाड्याचा माल मनमाडला उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. वेळ जाई, हमाली वाढे. मग कारखानदार इकडे कशाला येईल? कारखाना नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून गावच्या भूमिहीनाने गठुडं बांधून मुंबई गाठायची. तोही मनमाडला गाडी बदलूनच. अरुंद रुळाची किंमत सर्वांत जास्त त्यानेच मोजली. रुंदीकरणाची मागणी गोविंदभाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली. शेवटी १९९२ साली औरंगाबादपर्यंत ब्रॉडगेज पोचली. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळाले. २१ नोव्हेंबर २००२ ला ते वारले.

आपल्या शिरड शहापूरला रेल्वे नाही. गाडी धरायची तर वसमतला जावं लागतं. तिथली पूर्णा–अकोला लाईन ब्रॉडगेज व्हायला २००८ उजाडलं. तो दिवस पाहायला गोविंदभाई नव्हते.

रूळ कोणाची जात विचारत नाही, हे खरं. पण रूळ आधी कुठे टाकायचा आणि कुठे उशिरा, हे माणसंच ठरवतात. १९८४ च्या दांडेकर समितीने विभागवार अनुशेष मोजला, त्यात रस्तेही होते. तसाच हिशोब जिल्ह्याने तालुक्याचा आणि गावाने आपल्या वस्तीचा मांडला पाहिजे. मराठवाड्याचा अनुशेष गोविंदभाईंनी मागितला. वस्तीपर्यंतच्या रस्त्याचा अनुशेष आपणच मागायचा आहे.

मतभेद ठेवून, त्यांच्या कामाला विनम्र अभिवादन. जयभीम!