महेश्वरातले अहिल्याबाईंचे दिवस

अहिल्याबाई होळकरांचे नाव निघाले की आपल्याला काशीचे विश्वेश्वराचे देऊळ आठवते, सोमनाथ आठवतो, गयेचे विष्णुपद आठवते. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हाच मी ठरवले की ती देवळांची यादी पुन्हा द्यायची नाही. शाळकरी मुलींनाही ती पाठ असते. मला कुतूहल आहे ते वेगळेच. ही बाई रोज राहत होती कोठे, तिचा दिवस जात होता कसा, आणि विंध्याद्रीच्या पलीकडच्या एका लहानशा गावात बसून एवढा पसारा तिने आवरला कसा? आपण संसारी बायका. दिवस कसा लावावा लागतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पूर्वायुष्य थोडक्यात सांगते. जन्म ३१ मे १७२५ चा, चौंडी गावचा. हे गाव आताच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात आहे. लहानपणीच त्या मल्हारराव होळकरांच्या सून झाल्या. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडले. सती जायला निघालेल्या सुनेला सासऱ्यांनी मागे फिरवले आणि तिच्या हाती दौलतीचे काम दिले. हिशेब, दाणागोटा, तोफा आणि दारूगोळ्याची तयारी, सारे त्या पाहू लागल्या. मल्हारराव १७६६ मध्ये गेले आणि मुलगा मालेराव १७६७ मध्ये गेला. तेव्हा जुन्या कारभाऱ्याने राघोबादादांच्या मदतीने दत्तकाचा घाट घातला. बाईंनी तो साफ नाकारला आणि लढाईची तयारी केली. महादजी शिंदे त्यांच्या बाजूने राहिले, पुण्याहून माधवराव पेशव्यांनी मान्यता दिली आणि दादांना परत फिरावे लागले. फौज तुकोजीराव होळकरांकडे गेली, तिजोरी व मुलकी कारभार बाईंकडे राहिला. आणि त्यांनी आपले ठाणे महेश्वरास नेले.

महेश्वर म्हणजे काही पुणे नव्हे. इंदुराहून ते पाऊणशे-शंभर किलोमीटर दूर, मध्ये विंध्याचा उतार. आजही जाम घाटाने उतरताना बाईंनी बांधलेला दगडी दरवाजा लागतो. तेथे उभे राहिले म्हणजे खाली निमाडचा तापलेला मुलूख पसरलेला दिसतो, आणि त्या काळी बैलगाडीने किंवा मेण्यातून येणाऱ्याला राजधानी किती लांब वाटत असेल याची कल्पना येते. पण गावाला नर्मदा आहे. घाटाच्या पायऱ्या, त्यावर किल्ल्याचा तट आणि तटाच्या आत वाडा. वाडा म्हटल्यावर आपल्याला झुंबरे आणि आरसे आठवतात. तसे तेथे काही नाही. लाकडी खांब, चौक, ओसरी, एखाद्या खाऊनपिऊन सुखी देशमुखाच्या घरासारखा. आम्ही गेलो तेव्हा बाईंची बैठक पाहिली. पांढरी गादी आणि लोड, एवढेच. आमच्यातल्या एकीने विचारलेसुद्धा की राणीची गादी ती हीच का.

मालकम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८१८ नंतर माळव्यातल्या जुन्या माणसांना विचारून बाईंची हकीकत लिहून ठेवली, तीत त्यांचा दिनक्रम दिला आहे. पहाटे उजाडण्याच्या तासभर आधी उठायचे. स्नान, पूजा, मग पुराणश्रवण. दानधर्म आणि ब्राह्मणभोजन आपल्या देखत व्हायचे, आणि त्यानंतर स्वतःचे साधे निरामिष जेवण. (होळकरांच्या घरात मांसाहाराची मनाई नव्हती, तरी बाईंनी तो सोडला होता.) थोडी विश्रांती घेऊन दुपारी दोनच्या सुमारास दरबारात येऊन बसायचे ते दिवस मावळेपर्यंत. मग पूजाअर्चा, हलके जेवण, आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा काम. सणवार, उपास आणि एखादा मोठा प्रसंग सोडला तर यात बदल नाही. असे अठ्ठावीस वर्षे.

दरबारात पडदा नव्हता. पांढरे लुगडे नेसलेली ही विधवा बाई उघड बैठकीत बसे आणि फिर्यादी समोर येई. साधे तंटे पंचांकडे आणि कारभाऱ्यांकडे जात, पण तेथे ज्याचे समाधान झाले नाही त्याला बाईंपर्यंत पोचता येई, आणि त्या स्वतः ऐकून घेत. मला वाटते, लहान राजधानीचा हा मोठा फायदा. मोठ्या शहरात राजवाड्याच्या दारापर्यंत पोचायला दहा जणांचे हात ओले करावे लागतात. येथे घाटावर उतरलेला माणूस चढण चढला की वाड्याशी.

तशीच एक बाई इंदुराहून आली होती. तिचा नवरा श्रीमंत सावकार, मूलबाळ नसताना वारला. तुकोजीराव तेव्हा फौजेसह इंदुराजवळ तळ देऊन होते आणि त्या मालमत्तेतला वाटा मागण्याचा विचार त्यांच्या मनात आणून दिला गेला. फौजेला पैसा नेहमीच कमी पडे, हेही खरे. ती विधवा घाट उतरून महेश्वरास आली. बाईंनी तिचे ऐकून तिला पोशाख दिला, म्हणजे नवऱ्याच्या घराची आणि पैशाची मालकीण तीच असे सरकारातून मान्य झाले. आणि तुकोजीरावांना तळ हलवून पुढे कूच करण्याचा हुकूम गेला. तुकोजीरावांनी तो मानला. निपुत्रिकाचे धन सरकारजमा व्हावे अशी वहिवाट सगळीकडे असताना, सेनापतीला नाही म्हणून एका विधवेला होय म्हणणे सोपे नव्हते. खरगोणच्या दोन सावकारांच्या विधवा तर आपली मालमत्ता आपण होऊन बाईंना द्यायला आल्या. बाईंनी ती घेतली नाही. लोकांच्या उपयोगाला लावा असे सांगितले. नदीचा घाट आणि देऊळ त्या पैशातून झाले.

बाकीचा दिवस कागदांचा. पुणे, दिल्ली, हैदराबाद, सगळीकडे वकील होते आणि त्यांची पत्रे येत. महेश्वराहूनही वकील पुण्याला बातमीपत्रे धाडीत, ती पुढे छापून निघाली. १७८३ मध्ये पुण्यापर्यंतच्या टपालाचा मक्ता दिला गेला. काशीचा घाट, द्वारकेचे अन्नछत्र, दक्षिणेतल्या देवस्थानांना जाणाऱ्या गंगेच्या पाण्याच्या कावडी, या सर्वांचा हिशेब खासगीच्या दप्तरात. खासगीचा पैसा वेगळा, दौलतीचा वेगळा, ही रेघ त्यांनी कधी पुसू दिली नाही, आणि तुकोजीरावांशी कुरबुर झाली ती बहुतेक याच पैशावरून. कारभारी आणि कमाविसदार त्या सहसा बदलीत नसत. वाटमारी करणाऱ्या भिल्लांना आधी धाक दाखवला, मग वाटसरूंच्या मालावरचा त्यांचा जुना लहानसा हक्क मान्य केला आणि त्याच्या बदल्यात रस्ता राखण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. उन्हाळ्यात वाटांवर पाणपोया लागत. नांगराचे बैल मध्येच थांबवून त्यांना पाणी पाजायला माणसे नेमलेली असत, आणि पाखरांनी खावे म्हणून उभी शेते विकत घेतलेली असत. ब्राह्मणांवर खर्च फार होई असे आज कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे मला अगदीच चुकीचे वाटत नाही. पण बैलालाही त्यात वाटा होता, एवढे लक्षात ठेवावे.

गावात लोक आणून वसवले. विणकर आले, पंडित आले, कीर्तनकार आले. अनंतफंदी तमाशा सोडून कीर्तनाकडे वळले ते बाईंच्या सांगण्यावरून, असे सांगतात. स्तुतिग्रंथ घेऊन आलेल्या एका ब्राह्मणाचे मात्र काही चालले नाही. बाईंनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि नर्मदेत टाकायला लावला. विणकरांचे तेवढे भाग्य मोठे. तटावरची नक्षी, विटांची रचना, नदीच्या लाटा त्यांनी लुगड्याच्या काठावर उतरवल्या, आणि दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा तो बुगडीचा काठ आपल्यापैकी कितीजणींच्या कपाटात असेल.

घरात मात्र एकामागून एक माणसे जात राहिली. मुलगी मुक्ताबाई, जावई यशवंतराव फणसे आणि नातू, एवढेच उरले होते. नातू तरुणपणीच गेला, १७९१ मध्ये जावई गेले, आणि मुक्ताबाई सती जायला निघाली. बाईंनी तिच्या नाना विनवण्या केल्या. ती ऐकेना. जिला सासऱ्याने चितेपासून मागे आणले, तिला आपल्या मुलीला मागे आणता आले नाही. नर्मदेच्या काठी त्या उभ्या राहिल्या, दोघा ब्राह्मणांनी दंड धरले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा त्यांचा धीर सुटला. मग नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या आणि तीन दिवस अन्नपाणी जवळजवळ नाही, बोलणे नाही. मुलगी-जावयाचे स्मारक त्यांनी बांधवले. आणि पुन्हा दुपारी दोनला दरबार. १७९३ मध्ये लाखेरीला होळकरांची फौज शिंद्यांकडून हरली, ती बातमीही याच बैठकीवर आली.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, महेश्वरातच त्यांचे देहावसान झाले. तुकोजीराव १७९७ मध्ये गेले, मग घरातले तंटे आणि यशवंतरावांच्या स्वाऱ्या. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदुरास गेली आणि महेश्वर पुन्हा नदीकाठचे गाव झाले. मागही हळूहळू थंडावले. १९७९ मध्ये होळकरांच्याच वंशजांनी तेथे संस्था काढून बायकांना हातमागावर बसवले, तेव्हा ते परत चालू लागले. वाड्यात अजून सकाळी ब्राह्मण नदीच्या काळ्या मातीची लहान लहान शिवलिंगे करतात, पूजा झाली की ती नर्मदेत सोडतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माती आणतात.