सावित्रीमाईंच्या पाठीशी कोण उभे होते?

३ जानेवारी आली की वस्त्यावस्त्यांतून क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांची जयंती साजरी होते. वक्ते उठतात आणि शेणामातीचा मारा झेलत शाळेकडे निघालेल्या एकट्या सावित्रीमाईंचे चित्र उभे करतात. ते चित्र खरे आहे, पण अर्धेच आहे. मार खाणारी माई आम्हाला ठाऊक आहे. पण संध्याकाळी घरी परतल्यावर तिचे ऐकून घेणारे कोण होते, ती आजारी पडली तेव्हा तिची शाळा कोणी चालवली, हे आम्ही कधी विचारले काय? आज चळवळीच्या तळाला राबणाऱ्या कार्यकर्त्यांची जी परवड चालू आहे, ती पाहता हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीमाईंचा जन्म झाला. १८४० साली जोतीरावांशी विवाह झाला. अक्षर ओळखीचे नसलेल्या या मुलीला जोतीरावांनी शिकवले. त्यांच्या सोबतीला सगुणाबाई क्षीरसागर होत्या, ज्यांनी जोतीरावांना आईच्या मायेने वाढवले होते. म्हणजे शिकण्याच्या पहिल्या पायरीवरच सावित्रीमाई एकट्या नव्हत्या. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली आणि मनुवादी पुणे खवळले. रस्त्यात शिव्या, अंगावर शेण, वाटेत अडवणे हे नित्याचेच झाले. मात्र शाळेत जाताना त्यांच्याबरोबर बळवंत सखाराम कोल्हे नावाचा शिपाई असे. खराब झालेले लुगडे शाळेत बदलता यावे म्हणून दुसरे लुगडे जवळ ठेवले जाई. ही व्यवस्था साधी होती, परंतु कार्यकर्तीला संरक्षण हवे, तिने रोज नव्याने उभे राहावे यासाठी काही सोय हवी, हा विचार त्यात होता.

१८४९ साली सनातन्यांच्या दडपणाखाली गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. तेव्हा उस्मान शेख यांनी आपल्या घरात जागा दिली. त्याच घरातून फातिमा शेख शिक्षिका म्हणून पुढे आल्या. एका महार-मांगांच्या शाळेसाठी समाज घर सोडायला लावतो आणि एक मुसलमान कुटुंब घर उघडते, ही गोष्ट आजच्या द्वेषाच्या काळात आमच्या तरुणांनी पाठ करून ठेवावी अशी आहे.

या दोघींच्या नात्याची साक्ष १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात आहे. सावित्रीमाई तेव्हा आजारी होऊन माहेरी, नायगावला होत्या. पुण्याला जोतीरावांना लिहिलेल्या या पत्रात त्या आपल्या दुखण्याबरोबर फातिमाची काळजी करतात. आपल्या गैरहजेरीत सारे ओझे तिच्यावर पडले असेल, पण ती कुरकुर करणार नाही, याची त्यांना जाणीव आहे. त्याच पत्रात त्या भावाशी झालेला वाद सांगतात. महार-मांगांसाठी काम करणे त्या भावाला पटत नव्हते. सावित्रीमाईंनी त्याला शांतपणे उत्तर दिले आणि ते सारे जोतीरावांना कळवले. चळवळीच्या भाषेत सांगायचे तर कामाचा ताण, घरचा विरोध आणि सहकाऱ्याची चिंता ही तिन्ही ओझी त्यांनी मनात दाबून न ठेवता आपल्या माणसापुढे मोकळी केली. ज्या कार्यकर्त्याला असे पत्र लिहायला कोणी नाही, तो किती दिवस टिकणार?

१८६३ साली फुले दांपत्याने आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणे सावित्रीमाईंनी स्वतः केली. काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी पुढे दत्तक घेतला. परक्यांची दुःखे रोज दारात येत असताना हे काम वर्षानुवर्षे चालले, कारण ते सारे घर मिळून करीत होते. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि घराचे हे वर्तुळ संघटनेचे झाले.

या संघटनेची कसोटी १८७६-७७ च्या दुष्काळात लागली. २० एप्रिल १८७७ चे सावित्रीमाईंचे पत्र जुन्नर भागातील ओतूरहून लिहिलेले आहे. माणसे आणि जनावरे तडफडत होती, सत्यशोधक कार्यकर्ते गावोगाव धान्य पोचवत होते. सावकारांच्या जाचातून दंगा उसळला आणि पोलिसांनी कार्यकर्त्यांनाच पकडले. आम्ही वकिलीच्या व्यवसायात असल्यामुळे पुढचा प्रसंग आम्हाला विशेष मोलाचा वाटतो. सावित्रीमाई कलेक्टरपुढे गेल्या, निरपराध कार्यकर्त्यांना खोट्या आळात का अडकवले असा जाब विचारला आणि त्यांची सुटका करवून घेतली. नेतृत्व म्हणजे काय, याचे उत्तर येथे मिळते. पुढे असलेला माणूस अडकला तर त्याच्या मागे धावून जाणारा कोणीतरी असलाच पाहिजे.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. सावित्रीमाई थांबल्या नाहीत. १८९३ साली सासवडला भरलेल्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. १८९७ साली प्लेग आला. यशवंतराव तोवर डॉक्टर झाले होते. हडपसरजवळ सासणे मळ्यात माय-लेकांनी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महार वस्तीतील गायकवाड कुटुंबातल्या प्लेगग्रस्त मुलाला सावित्रीमाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. महिनाभर आधीच, ९ फेब्रुवारीला, मुंबईत कामगारांचे पुढारी आणि सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे प्लेगनेच गेले होते. एका महिन्यात चळवळीने दोन बिनीचे शिलेदार गमावले. या बलिदानापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु बलिदानाचे गोडवे गाताना, पुढच्या फळीचे जीव कसे वाचवावेत हा विचारही चळवळीने केला पाहिजे.

आजची स्थिती काय? गावात अत्याचार झाला की पहिला पोचतो तो तालुक्याचा कार्यकर्ता. पीडित कुटुंबाचा आक्रोश तोच ऐकतो, पोलीस ठाण्यात रात्रभर तोच बसतो, पंच-साक्षीदार फुटू नयेत म्हणून तोच धावतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि पीडितांना सामाजिक कार्यकर्त्यांची व वकिलांची मदत घेण्याचा हक्क कलम १५-अ ने मान्य केला. पण त्या कार्यकर्त्याने कोणाची मदत घ्यायची, हे कुठल्या कायद्यात लिहिलेले नाही. २००५ पासून गावात राबणाऱ्या आशाताईंचे दुखणे वेगळे नाही. २०२० च्या कोरोनात त्या तुटपुंज्या मोबदल्यावर दारोदार फिरल्या. त्यांच्यावर गटप्रवर्तक आहेत, पण बहुतेक वेळ रजिस्टर आणि अहवाल तपासण्यात जातो. ताईने काय पाहिले, ती रात्री झोपली की नाही, हे विचारणारा रकाना कुठल्याच रजिस्टरात नसतो.

आमचे म्हणणे असे की हा रकाना आम्हीच उघडला पाहिजे. तथागतांच्या संघात वर्षावास संपताना पवारणा होते. भिक्षू एकमेकांना आपले दोष दाखवण्याची विनंती करतात. थोरला-धाकटा सारेच त्या विनंतीला बांधलेले असतात. हीच शिस्त कार्यकर्त्यांनी घ्यावी. दर महिन्याला एका वस्तीतील पाच-सहा कार्यकर्त्यांनी विहारात बसावे. तेथे भाषण नको, हार-तुरे नकोत, पुढारी नको. प्रत्येकाने एकेक अवघड प्रकरण मांडावे, इतरांनी आधी ऐकावे, मग चुकले असेल तर ते स्पष्ट सांगावे. पीडितेचे नाव त्या खोलीबाहेर जाऊ नये. आजारी पडलेल्याचे काम कोण उचलणार, हे त्याच बैठकीत ठरावे. पोलिसांनी कोणाला उचलले तर रात्री कोणत्या वकिलाला फोन करायचा, तो क्रमांक सर्वांपाशी असावा. यासाठी निधी लागत नाही, महिन्याचा एक रविवार लागतो.

पुढच्या ३ जानेवारीला जयंतीचा मंडप घालण्याआधी आपल्या तालुक्यातील राबणाऱ्या कार्यकर्त्यांची यादी करा. त्यांच्यापैकी शेवटचे कोणाजवळ मन मोकळे केले, हे त्यांना विचारा. उत्तर आले नाही, तर पहिली बैठक त्याच आठवड्यात बोलवा. जय भीम!