विश्लेषण : सर्वांना खूश ठेवण्याची कसरत… पहिल्याच निवडणुकीत यशवंतराव चव्हाण कसे तरले?

मुख्यमंत्रीपद मिळाले, पण ज्या राज्याचे मिळाले ते राज्यच लोकांना नको होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी यशवंतराव चव्हाण वयाच्या ४३ व्या वर्षी द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, तेव्हाची ही स्थिती. मराठी जनतेला मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा होता, गुजरातला महागुजरात. दिल्लीला मात्र दोघांनी एकत्र नांदावे असे वाटत होते. त्यात निवडणूक अवघ्या चार महिन्यांवर आली होती.

यशवंतराव या पदापर्यंत कसे पोहोचले?

१२ मार्च १९१३ रोजी तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावात त्यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले. आई विठाबाईंनी हलाखीत मुलांना वाढवले. कराड, कोल्हापूर आणि पुण्यात शिकून ते वकील झाले. १९४२ च्या आंदोलनात साताऱ्यात भूमिगत राहून त्यांनी काम केले. १९४६ मध्ये ते आमदार झाले आणि १९५२ मध्ये मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात मंत्री.

द्विभाषिक राज्याचा नेता निवडण्याची वेळ आली, तेव्हा भाऊसाहेब हिरे यांनी आव्हान दिल्यावर मोरारजींनी माघार घेतली. यशवंतरावांनी हिरेंचा पराभव केला. गुजरातच्या आमदारांचा त्यांना मिळालेला पाठिंबा मराठी मुलखात अनेकांना खटकला.

रोष एवढा का होता?

डिसेंबर १९५५ मध्ये फलटणला त्यांनी संयुक्त महाराष्ट्रापेक्षा नेहरूंचे नेतृत्व मोठे मानण्याची भूमिका घेतली होती. पुढच्याच महिन्यात मुंबईत आंदोलकांवर गोळीबार झाला. शंभरहून अधिक जणांचे बळी घेणाऱ्या या लढ्यात राजीनामा न देणारा मराठी नेता लोकांना परका वाटू लागला. विरोधकांनी त्यांना सूर्याजी पिसाळाच्या रांगेत बसवले. आचार्य अत्रे यांच्या ‘मराठा’ दैनिकाने त्यांच्यावर टीकेची झोड उठवली.

१९५७ मध्ये नेमके काय घडले?

संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवली. खुद्द यशवंतरावांना कराडमध्ये निसटता विजय मिळाला. तरीही ३९६ पैकी २३४ जागा जिंकून काँग्रेसने सत्ता राखली. गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा यांनी सरकार वाचवले. मराठी मतदारांनी नाकारलेल्या द्विभाषिकानेच मराठी मुख्यमंत्र्याची खुर्ची टिकवली.

मग त्यांनी वाट कशी काढली?

जाहीरपणे त्यांनी द्विभाषिक राज्य प्रामाणिकपणे चालवले. गुजरातचे डॉ. जीवराज मेहता आणि विदर्भाचे मा. सां. कन्नमवार त्यांच्या मंत्रिमंडळात होते. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर नेहरूंच्या हस्ते शिवरायांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. वाटेत हजारो आंदोलक काळे झेंडे घेऊन उभे राहिले, पण निदर्शने शांततेत पार पडली. लोकांची नाराजी नेहरूंना डोळ्यांनी दिसली.

दुसरीकडे, हे राज्य टिकणार नाही हे ते दिल्लीतील नेतृत्वाला पटवत राहिले. गुजरातेत इंदुलाल याज्ञिक यांचे महागुजरात आंदोलनही तापलेलेच होते. १९५९ मध्ये काँग्रेस अध्यक्ष झालेल्या इंदिरा गांधी विभाजनाच्या बाजूने उभ्या राहिल्या. अखेर १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र अस्तित्वात आला.

याची किंमत कोणी मोजली?

डांग गुजरातकडे गेले. गुजरातची सुरुवातीची तूट भरण्यासाठी आणि नव्या राजधानीसाठी महाराष्ट्राने पैसे द्यायचे ठरले. १९५६ मध्येच म्हैसूर राज्यात गेलेले बेळगाव तिकडेच राहिले. तिथल्या मराठी भाषकांसाठी लढा १ मे रोजी संपला नाही.

मतदारांनी मात्र पारडे फिरवले. १९६२ मध्ये काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या. ज्यांनी रस्त्यावर उतरून राज्य मिळवले, त्या समितीची ताकद तोवर ओसरली होती. त्याच वर्षी चीन युद्धानंतर यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले.

त्यांच्या संयमाचे मूल्यमापन कसे करायचे?

रस्त्यावरचा रेटा नसता तर दिल्ली हलली नसती. तो रेटा दिल्लीला समजेल अशा भाषेत मांडणारा माणूस सत्तेत नसता, तर तोडगा आणखी लांबला असता. पण दिल्लीशी जुळवून घेण्याची हीच सवय पुढे त्यांना नडली. १९७९ मध्ये ते चरणसिंग सरकारमध्ये उपपंतप्रधान झाले, पण ते सरकार काही महिन्यांचेच ठरले. त्यानंतर इंदिरा गांधींच्या काँग्रेसमध्ये परतूनही जुने वजन त्यांना मिळाले नाही.

२५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर आहे. १९५७ मध्ये ज्या कराडने त्यांना जेमतेम निवडून दिले होते, तिथेच आज सर्व पक्षांचे नेते त्यांना वंदन करायला येतात.