चित्रांतून जग दाखविणारा गुरू

शाळेत प्रथम पाऊल टाकणाऱ्या मुलाच्या हाती अंकलिपी पडते, तेव्हा अक्षरांआधी त्याची नजर चित्रांकडे धावते. चित्र पाहून त्याला हर्ष होतो आणि त्या हर्षाच्या भरात ते अक्षरही सहज ओळखू लागते. मुलांच्या मनाची ही ओढ ज्याने अचूक ओळखली, त्या थोर शिक्षकाचे नाव जॉन एमॉस कोमेनियस.

कोमेनियसचा जन्म २८ मार्च १५९२ रोजी मोराव्हिया प्रांतात झाला. हा प्रांत आज चेक देशात मोडतो. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याचे आईवडील निवर्तले आणि तो पोरका झाला. नातेवाइकांच्या घरी त्याच्या शिक्षणाची आबाळ झाली. सोळाव्या वर्षी तो लॅटिन शाळेत दाखल झाला. त्या काळी शाळा म्हणजे छडी आणि घोकंपट्टी! न समजलेली वाक्ये पाठ करावयाची आणि चुकल्यास मार खावयाचा, असा शिरस्ता असे. वयाने मोठा असल्यामुळे या पद्धतीतील दोष कोमेनियसच्या ध्यानी आले. मुलांना विद्या नकोशी वाटत नाही, ती शिकविण्याची रीत नकोशी वाटते, हे त्याने जाणले.

पुढे जर्मनीत उच्च शिक्षण घेऊन तो मायदेशी परतला व धर्मोपदेशक आणि शिक्षक झाला. परंतु १६१८ साली युरोपात मोठे युद्ध पेटले. ते तीस वर्षे चालले. त्यात कोमेनियसचे घर लुटले गेले. १६२२ साली साथीच्या रोगाने त्याची पत्नी व दोन मुले हिरावून नेली. त्याच्या धर्मपंथावर राजसत्तेचा रोष झाल्यामुळे १६२८ साली त्याला मायभूमी सोडावी लागली. तेथे पुन्हा राहण्याचे भाग्य त्याला कधीच लाभले नाही.

पोलंडमधील लेझनो या गावी त्याने आश्रय घेतला आणि अध्यापन व ग्रंथलेखन सुरू केले. मुलगा असो वा मुलगी, धनिक असो वा गरीब, प्रत्येकास शिक्षण मिळाले पाहिजे, असे तो आग्रहाने सांगू लागला. १६५० साली हंगेरीतील एका शाळेत त्याला बोलाविण्यात आले. तेथे त्याने मुलांसाठी एक आगळेच पुस्तक रचले. ‘चित्रमय जग’ असा त्याच्या लॅटिन नावाचा भावार्थ होतो. मात्र चित्रांचे ठसे कोरणारा कुशल कारागीर तेथे मिळेना. म्हणून ते काम जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरी सोपवावे लागले. त्यात बराच काळ गेला.

मध्यंतरी कोमेनियस लेझनोस परतला होता. १६५६ साली ते गाव आगीत भस्मसात झाले. त्याचे ग्रंथ आणि हस्तलिखिते जळाली. चाळीस वर्षांहून अधिक काळ खपून तयार केलेला मातृभाषेचा शब्दकोशही राख झाला. त्या वेळी त्याचे वय चौसष्ट वर्षांचे होते. दुसरा एखादा खचून गेला असता. पण कोमेनियसने हॉलंडमधील ॲम्स्टरडॅम गाठले आणि पुन्हा लेखणी हाती घेतली.

अखेर १६५८ साली चित्रांचे ते पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे दीडशे चित्रे होती. आकाश, पक्षी, लोहाराचा भाता, पाव भाजणाऱ्याची भट्टी, मुलांचे खेळ, असे अवघे जग त्यात अवतरले होते. चित्रातील प्रत्येक वस्तूस आकडा दिलेला असे आणि तोच आकडा खालच्या मजकुरात त्या वस्तूच्या नावापाशी असे. मजकूर लॅटिन व जर्मन अशा दोन भाषांत होता. अक्षरओळखही मोठी गमतीची होती. कावळा, कोकरू, साप यांच्या आवाजांवरून मुलांनी अक्षरे शिकावी, अशी योजना त्याने केली होती. पुढल्याच वर्षी त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. पुढे अनेक भाषांत त्याच्या आवृत्त्या निघाल्या. जर्मन महाकवी गटे यानेही बालपणी हे पुस्तक आवडीने वाचले होते.

१५ नोव्हेंबर १६७० रोजी ॲम्स्टरडॅम येथे कोमेनियसचे निधन झाले. चेक देशात त्याचा जन्मदिवस शिक्षक दिन म्हणून पाळला जातो. ज्याचे स्वतःचे बालपण दुःखात गेले, ज्याचे ग्रंथ अग्नीने गिळले, त्याने मुलांच्या हाती आनंदाचे पुस्तक दिले. चित्रांचे एखादे पुस्तक उघडताना या निर्वासित गुरूचे स्मरण अवश्य करावे.