एका आण्याचा हिशेब मांडणारे जे. पी. नाईक

दर वर्षी ५ सप्टेंबरला अमिरातीतील भारतीय शाळांत शिक्षकदिनाची लगबग असते. दुबई असो, शारजा असो वा अबू धाबी, डॉ. राधाकृष्णन यांच्या तसबिरीला हार पडतो आणि मुले शिक्षकांना फुले देतात. याच तारखेला, राधाकृष्णन यांच्यानंतर १९ वर्षांनी, म्हणजे १९०७ साली, कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडी या लहानशा गावी आणखी एका शिक्षणतज्ज्ञाचा जन्म झाला. त्यांची तसबीर मात्र आम्ही येथील कुठल्याही शाळेत पाहिलेली नाही. त्यांचे नाव जयंत पांडुरंग नाईक. दिल्लीत आणि शिक्षणक्षेत्रात ते जे. पी. म्हणूनच ओळखले जात.

त्यांची आठवण आज होण्यास एक निमित्त घडले. आमच्या परिचयातील एक प्राध्यापिका सुट्टीत आपल्या भावाकडे शारजाला आल्या होत्या. महाराष्ट्रातील एका महाविद्यालयात त्या शिकवतात. ऊसतोडणी कामगारांच्या मुलांची शाळा मध्येच का सुटते, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. अनुदान मंजूर झाले, पहिला हप्ता आला, गावोगावची फिरती सुरू झाली. पण पुढे एका पावतीवरून कागद अडकला आणि दुसरा हप्ता येईपर्यंत तोडणीचा हंगाम संपून कामगार आपापल्या गावी परतले होते. बाई हसून म्हणाल्या की हिशेब बरोबर जुळला, संशोधन तेवढे राहिले. वाचकहो, संशोधनाचा पैसा कोणी, कोणाला आणि कसा द्यावा, या प्रश्नाला नाईकांनी आयुष्याची उमेदीची वर्षे दिली.

नाईकांचा आरंभ साधा होता. धारवाडला ते गणित शिकवीत. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांनी नोकरी सोडली आणि तुरुंगवास पत्करला. तुरुंगात त्यांनी आजारी सोबत्यांची शुश्रूषा केली आणि त्यासाठी वैद्यकाची पुस्तकेही अभ्यासली. सुटकेनंतर ते शहराकडे वळले नाहीत. धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात राहून त्यांनी शाळा, आरोग्य आणि ग्रामसुधारणा यांची कामे केली. पुढे कोल्हापूर संस्थानच्या कारभारात त्यांनी विकासाची कामे पाहिली आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत मोठा वाटा उचलला. खेड्यातील माणसाच्या दारात उच्च शिक्षण नेण्याचा तो प्रयोग होता.

१९४२ साली त्यांचे एक पुस्तक निघाले. विषय वाचून कोणासही जांभई यावी. मुंबई प्रांतात शिक्षणासाठी बसवलेल्या लोकल फंड उपकराचा तो इतिहास होता. पण आमच्या मते नाईकांच्या साऱ्या आयुष्याची किल्ली याच पुस्तकात आहे. १८६३ च्या सुमारास मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घेण्यास सुरुवात झाली आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणासाठी ठेवला गेला. म्हणजे गावच्या शाळेचा पैसा गावच्याच शेतकऱ्याच्या घामातून येत होता. शेतकऱ्याने भरावे आणि शिकावे मात्र वरच्या वर्गांनी, हे गाऱ्हाणे महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडलेच होते. नाईकांनी तोच प्रश्न दप्तरे चाळून, आकडे मांडून अभ्यासला. पैसा कोणाचा आणि तो जातो कोठे, हे पाहण्याची सवय त्यांना इथे लागली, ती अखेरपर्यंत सुटली नाही. पुढच्याच वर्षी सय्यद नुरुल्ला यांच्यासह लिहिलेला ब्रिटिश काळातील भारतीय शिक्षणाचा इतिहास प्रसिद्ध झाला. शिक्षणशास्त्राच्या कित्येक पिढ्यांनी तो अभ्यासला आहे.

१९४८ साली त्यांनी मुंबईत भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली. शिक्षणावर गंभीर संशोधन व्हावे, हा हेतू. या कामी त्यांना साथ लाभली डॉ. चित्रा नाईक यांची. पुढे त्या त्यांच्या सहधर्मचारिणी झाल्या आणि स्वतःही थोर शिक्षणतज्ज्ञ म्हणून मान्यता पावल्या.

त्यानंतर नाईक दिल्लीस शिक्षण मंत्रालयाचे सल्लागार झाले. १९६४ साली डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला, तेव्हा सदस्य-सचिवपद नाईकांकडे आले. आयोगाने सुमारे १०० दिवस देशभर प्रवास केला, ९,००० च्या आसपास लोकांशी चर्चा केली आणि १९६६ च्या जूनमध्ये अहवाल सादर केला. राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा, ही त्यातली शिफारस सर्वांना ठाऊक आहे. आणखी एक शिफारस फारशी कोणाच्या लक्षात नाही. शिक्षणावर सरकार जो खर्च करते, त्यातील एक टक्का तरी शिक्षणविषयक संशोधनासाठी मिळावा, असे आयोगाने सुचवले होते. शंभर रुपये शाळांवर घालायचे, तर ते योग्य जागी पडतात की नाही हे पाहण्यास एक रुपया नको काय? साध्या गृहिणीलाही पटेल असा हा हिशेब आहे.

१९६९ साली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली आणि नाईकांना ही दृष्टी प्रत्यक्षात आणण्याची संधी मिळाली. पहिले अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईक. १९७८ पर्यंत त्यांनी हे पद सांभाळले.

या परिषदेची घडण पाहण्यासारखी आहे. पैसा केंद्र सरकारचा, पण संस्था स्वायत्त. परिषदेत १८ समाजशास्त्रज्ञ आणि सरकारचे प्रतिनिधी ६. पैसा देणाऱ्याने हिशेब जरूर मागावा, पण संशोधनाचे उत्तर काय यावे हे त्याने ठरवू नये, हे तत्त्व त्या १८ आणि ६ या आकड्यांत सामावले आहे. अर्थात सभासदांची नेमणूक सरकारच करते, तेव्हा स्वायत्ततेची ही दोरी तशी नाजूकच. ती ताणली जाऊ नये आणि सैलही पडू नये, हे सांभाळणे सदस्य-सचिवाचे काम.

अनुदानाची रीत आमच्या अनेक वाचकांना ठाऊक नसेल. संशोधक आपला प्रस्ताव पाठवतो. त्या विषयातील जाणकार तो तपासतात. मंजुरी मिळाली की पैसा संशोधकाच्या हाती न देता त्याच्या विद्यापीठाकडे किंवा महाविद्यालयाकडे हप्त्याहप्त्याने जातो. प्रवास, साहाय्यकाचे वेतन, किरकोळ खर्च अशी खाती वेगळी. प्रगतीचा अहवाल आणि उपयोगिता प्रमाणपत्र पोहोचल्यावर पुढला हप्ता. यात गैर काही नाही, पैसा जनतेचा आहे. पण हप्ता वेळेवर पोहोचणे हाही हिशेबाचाच भाग आहे, याचा विसर पडतो आणि आमच्या प्राध्यापिका बाईंसारखी गत होते.

केवळ अनुदान वाटून भागणार नाही, हे नाईक जाणून होते. ज्याला प्रस्ताव लिहिता येतो त्यालाच पैसा मिळतो, आणि प्रस्ताव लिहिण्याची कला मोठ्या शहरांतच शिकायला मिळते. म्हणून परिषदेने संशोधन-पद्धतीचे प्रशिक्षणवर्ग चालवले, शिष्यवृत्त्या दिल्या, दिल्लीत संदर्भकेंद्र उभारले आणि दिल्लीबाहेर विभागीय केंद्रे काढली. पश्चिम विभागाचे केंद्र मुंबई विद्यापीठाच्या साहाय्याने उभे राहिले. निरनिराळ्या प्रांतांतील संशोधनसंस्थांना परिषदेने नियमित अनुदान देऊन पायावर उभे केले. आज अशा संस्था दोन डझनांच्या घरात आहेत.

या पैशातून काय साधले, याचे एकच उदाहरण देतो. भारतातील स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी १९७१ साली समिती नेमली गेली. तिच्यासाठी अनेक अभ्यास या परिषदेने करवून घेतले. समितीचा अहवाल १९७४ च्या अखेरीस तयार झाला तेव्हा विचारी माणसे हादरली. दर हजार पुरुषांमागे १९०१ साली ९७२ स्त्रिया होत्या, त्या १९७१ मध्ये ९३० वर आल्या होत्या. प्रगतीच्या गप्पा चालू असताना स्त्रिया मागे पडत होत्या. सरकारी पैशातून सरकारलाच न रुचणारे सत्य बाहेर आले. नाईकांनी ते दडवले नाही, उलट परिषदेत स्त्री-अभ्यासाचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू करवला.

स्वतःच्या कामाकडेही ते निर्मम दृष्टीने पाहत. समता, गुणवत्ता आणि संख्या या तिन्ही गोष्टी भारतीय शिक्षणाला एकाच वेळी साधत नाहीत, हा पेच त्यांनी १९७५ च्या पुस्तकात मांडला. कोठारी आयोगाच्या शिफारशींचे पुढे काय झाले, याचा झाडा त्यांनी स्वतःच घेतला. ते पुस्तक त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. आपणच घडवलेल्या अहवालाची उलटतपासणी करण्याचे असे धैर्य विरळाच.

१९७४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७६ मध्ये त्यांची भारतीय शिक्षण संस्था पुण्यास हलली. दिल्लीची जबाबदारी संपल्यावर नाईक तेथेच रमले. जवळपासच्या खेड्यांत शाळेबाहेर राहिलेल्या मुलांसाठी, विशेषतः मुलींसाठी, संध्याकाळचे वर्ग भरवण्याचा प्रयोग संस्थेने हाती घेतला. ३० ऑगस्ट १९८१ रोजी, चौऱ्याहत्तरावा वाढदिवस अवघ्या काही दिवसांवर असताना, त्यांचे निधन झाले. पुढे युनेस्कोने जगभरातील शंभर शिक्षणविचारवंतांची चरित्रे प्रसिद्ध केली. गांधीजी आणि रवींद्रनाथ यांच्यासमवेत त्या मालिकेत बहिरेवाडीच्या या सुपुत्राचाही समावेश आहे.

नाईकांची संस्था पुण्यास गेली त्याच १९७६ साली आपल्या अल ऐन येथे अमिरातीचे पहिले राष्ट्रीय विद्यापीठ सुरू झाले. आता येथेही शिक्षणविषयक संशोधनासाठी अनुदाने मिळू लागली आहेत. रास अल खैमाची, २००९ साली स्थापन झालेली अल कासिमी प्रतिष्ठान ही संस्था असे काम करते. आपल्यापैकी काहींची मुले उद्या येथे वा भारतात असे अर्ज भरतील, आणि काहीजण ते अर्ज तपासण्याच्या खुर्चीतही बसतील.

६ टक्क्यांचे उद्दिष्ट २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात पुन्हा लिहिले गेले, याचाच अर्थ ते अजून गाठायचे आहे. येत्या शिक्षकदिनी मुलांना राधाकृष्णन यांची गोष्ट सांगाल, तेव्हा नाईकांचीही सांगा. आणि जो खुर्चीत बसेल त्याला एवढे जरूर सांगा, की समोरच्या कागदावरील रुपयात कुठल्यातरी शेतकऱ्याचा एक आणा आहे. त्याची पावती मागावी, पण ऊसतोडणीचा हंगाम संपण्याआधी.