ओखल्याची शाळा आणि डॉ. झाकीर हुसेन

भारताचे तिसरे राष्ट्रपती म्हणून डॉ. झाकीर हुसेन यांचे नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असते. परंतु राष्ट्रपतिपद ही त्यांच्या आयुष्याची अखेरची दोन वर्षे होत. त्यापूर्वीची तब्बल बावीस वर्षे ते एका गरीब शिक्षणसंस्थेचे चालक होते, आणि त्या संस्थेतही त्यांचा जीव सर्वांत अधिक रमला तो तिच्या प्राथमिक शाळेत. दिल्लीबाहेर यमुनेच्या काठी ओखला नावाचे खेडे होते. तेथे ही शाळा उभी राहिली. प्राथमिक वर्गांना शिकविणाऱ्या आम्हा मंडळींना राष्ट्रपती झाकीर हुसेन यांच्यापेक्षा या ओखल्याच्या झाकीर हुसेन साहेबांकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. म्हणून त्यांच्या जीवनाची हीच बाजू येथे थोड्या विस्ताराने मांडीत आहे.

बालपण आणि शिक्षण

झाकीर हुसेन यांचा जन्म 8 फेब्रुवारी 1897 रोजी हैदराबाद येथे झाला. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील फर्रुखाबाद जिल्ह्यातल्या कायमगंजचे, पठाणांचे. वडील फिदा हुसेन खान हे हैदराबादला वकिली करीत. 1907 साली वडील वारले तेव्हा झाकीर अवघे दहा वर्षांचे होते. कुटुंब कायमगंजला परतले आणि मुलांना इटावा येथील इस्लामिया हायस्कूलच्या वसतिगृहात ठेवण्यात आले. 1911 साली प्लेगच्या साथीत आईही गेली. चौदाव्या वर्षी आईबापांवाचून पोरका झालेला हा मुलगा शाळेच्या आणि शिक्षकांच्या आधाराने वाढला. शाळा ही केवळ धडे घेण्याची जागा नाही, लहान मुलाचे ते दुसरे घर आहे, ही गोष्ट त्यांना पुस्तकात वाचावी लागली नाही.

इटाव्याहून ते अलीगढच्या कॉलेजात गेले. हुशार विद्यार्थी आणि उत्तम वक्ते असा त्यांचा लौकिक झाला. पुढे सरकारी नोकरीचे दार उघडेच होते. इतक्यात 1920 चे असहकार आंदोलन आले. महात्मा गांधी आणि अली बंधूंनी अलीगढला येऊन सरकारी मदतीवर चालणारी विद्यालये सोडण्याचे आवाहन केले. तेवीस वर्षांच्या झाकीर हुसेन यांनी ते मानले. 29 ऑक्टोबर 1920 रोजी शैखुल हिंद मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते अलीगढला जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. ज्या विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी ती उभी केली त्यांत ते आघाडीवर होते.

1922 साली ते जर्मनीस गेले. बर्लिन विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्रातील डॉक्टरेट मिळविली. भारतातील शेतीव्यवस्था हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. अभ्यासाबरोबरच तेथील नव्या पद्धतीच्या शाळा व हातांच्या कामातून शिकविण्याचे प्रयोग त्यांनी समजून घेतले.

पडत्या काळात हात

इकडे खिलाफत चळवळ ओसरली आणि जामियाचा पैशाचा झराही आटला. संस्था बंद करावी असा विचार सुरू झाला. ही वार्ता जर्मनीत पोचताच झाकीर हुसेन, आबिद हुसेन व मुहम्मद मुजीब या तीन तरुणांनी कळविले की, आम्ही परत येऊन संस्थेसाठी आयुष्य देण्यास तयार आहोत, तोवर ती मिटवू नका. हकीम अजमल खान यांनी 1925 साली जामिया अलीगढहून दिल्लीच्या करोलबागेत आणून वाचविली. 1926 साली हे तिघे परतले आणि एकोणतिसाव्या वर्षी डॉ. झाकीर हुसेन जामियाचे कुलगुरू, म्हणजे शैखुल जामिया झाले.

पद मोठे, परंतु तिजोरी रिकामी. इमारती भाड्याच्या. 1927 च्या अखेरीस हकीम साहेबही निवर्तले. तेव्हा 1928 साली जामियाच्या शिक्षकांनी एक प्रतिज्ञा केली. वीस वर्षे संस्थेची सेवा करायची आणि दरमहा दीडशे रुपयांहून अधिक वेतन मागायचे नाही. प्रत्यक्षात शैखुल जामिया स्वतः त्याहून पुष्कळच कमी घेत, आणि तेही वेळेवर मिळेच असे नाही. जामियाच्या पदवीला सरकारी मान्यता नव्हती. तेथे मूल घालणारा पालक त्या मुलाच्या सरकारी नोकरीवर पाणी सोडत असे. अशा संस्थेवर लोकांचा विश्वास बसवायचा तर तेथील शिक्षणच तसे असले पाहिजे, हे झाकीर साहेबांनी ओळखले, आणि त्याची सुरुवात त्यांनी सर्वांत खालच्या वर्गापासून केली.

ओखल्याची शाळा

1 मार्च 1935 रोजी ओखला येथे शाळेच्या इमारतीची पायाभरणी झाली. अशा प्रसंगी कोणी नवाब, राजा किंवा पुढारी बोलावण्याची चाल आहे. तुर्कस्तानच्या विख्यात लेखिका हालिदे अदीब त्या काळी दिल्लीस आल्या होत्या. परंतु कोनशिला बसविली ती जामियातील सर्वांत लहान विद्यार्थ्याने. अब्दुल अझीझ हे त्या बालकाचे नाव. शाळा कोणाची, या प्रश्नाचे याहून सोपे उत्तर काय असू शकते? पुढच्या वर्षी जामियाचे बहुतेक विभाग करोलबाग सोडून या उघड्या माळावर राहावयास आले.

प्राथमिक विभागाची धुरा अब्दुल गफ्फार मुधोली या तळमळीच्या शिक्षकाकडे होती. मुले वसतिगृहात राहत. वाचन, लेखन, गणित हे तर होतेच, पण ते कामाच्या ओघात येई. मुलांचे स्वतःचे दुकान होते. माल आणणे, किंमत लावणे, नफा-तोटा काढणे हे मुलेच करीत. मुलांची बँक होती. तेथे खाते उघडणाऱ्या बालकाला बेरीज-वजाबाकी कशासाठी, हे वेगळे सांगावे लागत नसे. बागकाम होते. मुलांनी भिंतींबाहेर राहून शिकावयाचे, असा ‘खुली हवा का मदरसा’ नावाचा उपक्रम होता. वार्षिक तालीमी मेळ्यात वर्षभराचे काम पालकांपुढे मांडले जाई. मुलांसाठी ‘पयामे तालीम’ हे मासिक निघत असे.

जर्मनीत ज्यांची ओळख झाली होती त्या गेर्डा फिलिप्सबोर्न नावाच्या ज्यू बाई दिल्लीस येऊन या कामात सामील झाल्या. लहान मुलांचा विभाग त्यांनी आईच्या मायेने सांभाळला. मुले त्यांना आपाजान म्हणत. 1943 साली त्या वारल्या आणि जामियाच्याच भूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. पठाण घराण्यातला कुलगुरू, दख्खनी नावाचा शिक्षक आणि जर्मन ज्यू आपाजान अशी ही मंडळी एका खेड्यातल्या बालकांसाठी झटत होती.

झाकीर साहेबांची शिस्त शब्दांपेक्षा कृतीची होती. मुलांचे बूट मळलेले असतात आणि वारंवार सांगूनही उपयोग होत नाही असे दिसल्यावर ते स्वतः ब्रश व पॉलिश घेऊन फाटकाशी बसले आणि येणाऱ्या मुलांचे बूट पुसू लागले, ही हकीकत आजही सांगितली जाते. त्या दिवसानंतर सूचनेची गरज राहिली नाही म्हणतात.

दुसरी हकीकत सांगताना मन जड होते. झाकीर साहेबांची धाकटी मुलगी रेहाना अगदी लहान वयात वारली. शाळेतील यशाबद्दल मुलांना मिठाई वाटण्याचा समारंभ चालू होता, आणि ते आपल्या हाताने वाटप करीत होते. मुलगी अत्यवस्थ असल्याचा निरोप आला, आणि थोड्या वेळाने ती गेल्याचाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला, पण हात थांबले नाहीत. मुलांचा आनंद मोडू द्यायचा नाही म्हणून त्यांनी कोणाला काही कळू दिले नाही. वाटप पुरे झाल्यावरच ते घराकडे गेले. घरी मात्र कित्येक दिवस त्यांची उशी ओली असे, असे त्यांच्या निकटवर्तीयांनी नमूद केले आहे. बापाचे कर्तव्य आणि शिक्षकाचे कर्तव्य यांत त्यांनी केलेली ही निवड सर्वांना पटेलच असे नाही. परंतु पुढे त्यांनी मुलांसाठी ज्या गोष्टी लिहिल्या, त्या रुकय्या रेहाना या नावाने छापल्या. लेकीचे नाव त्यांनी असे शाळेतल्या मुलांच्या हाती दिले. या गोष्टींपैकी ‘अब्बू खान की बकरी’ ही विशेष गाजली. दावणीला सुखाने राहण्यापेक्षा डोंगरावर मोकळी राहू पाहणारी आणि लांडग्याशी पहाटेपर्यंत झुंजणारी चांदनी नावाची बकरी उर्दू वाचणाऱ्या मुलांच्या पिढ्यांना ठाऊक आहे.

वर्ध्याची योजना

ओखल्याच्या या कामाचा आपल्या महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. उद्योगातून शिक्षण द्यावे आणि मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा, असा विचार तेथे मांडला गेला. झाकीर हुसेन यांनी गांधीजींच्या समोरच स्पष्टपणे आपली शंका व्यक्त केली. हातांच्या कामातून शिकविणे त्यांना मान्यच होते. परंतु मिळकतीवर नजर ठेवली तर शिक्षक मुलांना राबवून घेतील आणि शाळेचा कारखाना होईल, हा धोका त्यांना दिसत होता. गांधीजींचा मोठेपणा असा की, अभ्यासक्रम ठरविणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांनी या टीकाकारालाच दिले. समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, जे. सी. कुमारप्पा, ख्वाजा गुलाम सैयदैन यांसारखी माणसे होती. 2 डिसेंबर 1937 रोजी अहवाल सादर झाला.

सात ते चौदा वर्षांपर्यंत सर्वांना मोफत व सक्तीचे शिक्षण, माध्यम मातृभाषा आणि मध्यभागी एक हस्तोद्योग, अशी ती योजना होती. साडेपाच तासांच्या शाळेत उद्योगाला 3 तास 20 मिनिटे, मातृभाषेला 40 मिनिटे, संगीत, चित्रकला व गणित मिळून 40 मिनिटे, समाजशास्त्र व सामान्य विज्ञानाला 30 मिनिटे, आणि व्यायाम व सुटीला प्रत्येकी 10 मिनिटे असे वेळापत्रक आखले होते. उद्योगाच्या वेळातच गणित आणि विज्ञान यावे ही अपेक्षा होती. शिक्षक तयार नसेल तर या वेळापत्रकाचे काय होईल, हे कोणाही शिक्षकाला सांगावयास नको. म्हणूनच 1938 साली जामियात ‘उस्तादों का मदरसा’ हे अध्यापक विद्यालय सुरू झाले. हिंदुस्तानी तालीमी संघाचे अध्यक्षपदही झाकीर साहेबांनी सांभाळले.

या योजनेमुळे त्यांना आपल्याच समाजातून पुष्कळ टीका सोसावी लागली. योजनेत धार्मिक शिक्षण नाही, ती काँग्रेसची आहे, असे आक्षेप मुस्लिम लीगने घेतले. त्यांनी कटुता न आणता आपले काम चालू ठेवले. स्वातंत्र्यानंतर बहुतेक ठिकाणी मूलोद्योग म्हणजे कोपऱ्यातल्या टकळ्या एवढाच अर्थ उरला, तेव्हा या दिखाऊ अंमलबजावणीवर सर्वांत कडक टीका केली तीही त्यांनीच. काम करण्यापूर्वी विचार, मग आखणी, मग कृती आणि शेवटी आपल्याच कामाची तपासणी, या चार पायऱ्या ज्यात नाहीत ते काम शिक्षण नव्हे, असे ते सांगत. आपल्या शाळांतील कार्यानुभवाच्या तासाला ही कसोटी लावून पाहावी.

फाळणीचे वर्ष आणि नंतर

नोव्हेंबर 1946 मध्ये जामियाचा रौप्यमहोत्सव झाला. देशभर दंगली पेटल्या असताना पंडित नेहरू, मौलाना आझाद, बॅरिस्टर जिना व लियाकत अली हे एका व्यासपीठावर बसले, ही झाकीर साहेबांची पुण्याई. त्यांनी सर्व नेत्यांना कळवळून विनंती केली की, ही आग विझवा, आम्ही लहान मुलांना वाढविणारी माणसे आहोत, पशूंच्या वस्तीत माणसे कशी घडवावी? ऑगस्ट 1947 मध्ये काश्मीरकडे जात असताना जालंधर स्टेशनवर ते स्वतःच जमावाच्या हाती सापडले. एक शीख लष्करी अधिकारी आणि एक हिंदू रेल्वे अधिकारी यांनी त्यांचे प्राण वाचविले. दिल्लीत करोलबागेतील जामियाचे पुस्तकभांडार भस्मसात झाले. ओखल्यावरही संकट होते. सप्टेंबरात गांधीजी दिल्लीला पोचताच जामियाची विचारपूस करण्यास आले. धाकटे बंधू महमूद हुसेन पाकिस्तानात गेले आणि तेथे शिक्षणमंत्री झाले. झाकीर साहेब येथेच राहिले.

पुढील प्रवास सर्वश्रुत आहे. 1948 ते 1956 अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू, 1957 ते 1962 बिहारचे राज्यपाल, 1962 मध्ये उपराष्ट्रपती, 1963 मध्ये भारतरत्न आणि 13 मे 1967 रोजी राष्ट्रपती. 3 मे 1969 रोजी राष्ट्रपती भवनातच त्यांचे निधन झाले. त्यांचा दफनविधी झाला तो ओखल्यास, जामियाच्या आवारात. ते खेडे आता दिल्ली शहराने गिळून टाकले आहे आणि जामिया 1988 पासून केंद्रीय विद्यापीठ आहे.

आपल्या समाजात संस्था काढण्याचा उत्साह आहे, ही आनंदाची गोष्ट होय. कॉलेज निघावे, तंत्रनिकेतन निघावे, हे योग्यच. परंतु बहुतेक ठिकाणी सर्वांत नवा, सर्वांत कमी पगाराचा शिक्षक पहिलीच्या वर्गावर पाठविला जातो आणि प्राथमिक शाळेला जुनी, गळकी खोली मिळते. बर्लिनचा डॉक्टर असलेला कुलगुरू आपली उत्तम माणसे आणि आपला उत्तम वेळ लहान मुलांना देत होता. संस्थाचालकांनी एवढी एकच गोष्ट त्यांच्यापासून घेतली आणि पुढच्या इमारतीची कोनशिला बालवर्गातील मुलाच्या हाती दिली, तरी मरहूम झाकीर साहेबांचे ऋण थोडेफार फिटेल.